आधी संडास, मग सोलर



शीर्षक वाचून काहींनी नाक मुरडलं असेल. मुरडू द्या. हा शब्द टाळून नुसतं 'हरित महामार्ग', 'शाश्वत विकास' असंही लिहिता येतं आणि तसं लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्यातलेच बरेच आहेत. हा लेख म्हणजे त्यांच्याशी, आणि थोडं स्वतःशीही, भांडण आहे.

दोन वर्षांपूर्वी आई इकडे आली होती. वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे, आणि मधुमेहामुळे दर तास-दीड तासाने बाथरूम. पोर्टलंडहून आय-फाइव्ह धरून दक्षिणेला ॲशलंडकडे निघालो होतो. विल्सनव्हिल सोडलं की थोड्याच वेळात एक रेस्ट एरिया लागतो. जुनी मंडळी त्याला बाल्डॉक म्हणतात, आता नाव फ्रेंच प्रेरी. उंच फरची झाडं, बाकं, कुत्री फिरवायला गवत, आणि कुंपणापलीकडे सोलर पॅनेलच्या रांगाच रांगा. आई हातपाय धुऊन बाहेर आली, बाकावर टेकली आणि त्या रांगांकडे बघत बसली.

"अगं, हे एवढं काचेचं शेत कुणाचं?"

"वीज कंपनीचं."

"आणि जमीन?"

"सरकारची. हायवे खात्याची."

"म्हणजे खात्याला भाडं मिळत असणार." आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, हिशेब तिला सुटत नाही. "मग त्या भाड्यातून ह्या बाथरूमची झाडलोट होते का?"

मी इलेक्ट्रिकल इंजिनियर. पॅनेलची कार्यक्षमता, इन्व्हर्टर, ग्रिडला वीज कशी जाते, सगळं तिला सांगू शकले असते. नेमकं हेच सांगता येईना. नंतर शोधलं तेव्हा कळलं की रेस्ट एरिया सांभाळणारी संस्था वेगळी, पॅनेलवाली कंपनी वेगळी, दोघांची खाती वेगळी. वीज सरळ ग्रिडला जाते. आईचा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नव्हता.

तो आता आपल्या टेबलावर ठेवते आहे. माझं म्हणणं एवढंच: हायवेच्या कडेची जमीन लोकांच्या नावाने घेतलेली असते. तिच्यावर पहिला हक्क त्या रस्त्यावरून जाणाऱ्या थकलेल्या माणसाचा. त्याला थांबायला, झोपायला, पाणी प्यायला आणि बाथरूमला जायला जागा हवी. त्यानंतर उरलेल्या जमिनीवर खुशाल वीज करा, जरूर करा. पण त्या विजेच्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा त्या जागेच्या देखभालीला कायमचा बांधून द्या. हे दोन हिशेब वेगळे ठेवले की पॅनेल चकाकत राहतात आणि संडासाला कुलूप लागतं.

ऑरेगनने जे केलं ते कमी लेखायचं नाही. २००८च्या डिसेंबरमध्ये ट्युअलॅटिनला, आय-फाइव्ह आणि टू-ओ-फाइव्ह मिळतात तिथल्या मोकळ्या पट्ट्यात, ५९४ पॅनेल बसवली. क्षमता १०४ किलोवॉट. अमेरिकेतला हा पहिला 'सोलर हायवे'. दिवसा वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री इंटरचेंजच्या दिव्यांसाठी ग्रिडकडून घ्यायची, असा साधा व्यवहार. मग २०१२ साली बाल्डॉकला पावणेदोन मेगावॉट, जवळजवळ सात हजार पॅनेल, सात एकर. वर्षाला साधारण वीस लाख युनिट. एरवी ह्या सात एकरांत खात्याने फक्त गवत कापलं असतं, तेही करदात्यांच्या पैशाने.

आता त्या जागेची दुसरी गोष्ट. ती सौरऊर्जेच्या माहितीपत्रकांत नसते.

२०१० सालापर्यंत बाल्डॉकच्या पार्किंगमध्ये माणसं राहत होती. गाड्यांत, जुन्या मोटरहोममध्ये. काही जण दहा-दहा वर्षं. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं घर, कुणी आजारी. एकमेकांना स्वयंपाक करून घालत, नव्याने आलेल्याला जागा दाखवत. आपण वस्ती म्हणतो तशी ती वस्तीच होती. २०१०च्या सुरुवातीला व्यवस्थापन नव्या संस्थेकडे गेलं आणि मुक्कामाच्या मर्यादेचा नियम कडक केला गेला. नुसते पोलिस पाठवले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. समाजसेवी संस्था आल्या, जुने छोटे दंड निकालात काढायला कायदेशीर मदत झाली, काहींना घरं मिळाली. काही नुसतेच पुढे गेले, कुठे ते कुणास ठाऊक. दोन वर्षांनी पॅनेल लागली. पॅनेलसाठी त्यांना हलवलं, असा माझा आरोप नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण त्या जागेवरची कोणती गोष्ट आपण एकमेकांना कौतुकाने सांगतो आणि कोणती आपल्या कानावरही येत नाही, हे बघा.

रेस्ट एरिया ही चैन आहे असं वाटणाऱ्यांसाठी आणखी एक. २००९च्या मार्च महिन्यात जेसन रिव्हेनबर्ग नावाचा ट्रक ड्रायव्हर दुधाची खेप घेऊन साउथ कॅरोलायनात पोचला. माल उतरवायची वेळ व्हायची होती. थांबायला सुरक्षित जागा नव्हती, म्हणून त्याने एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर ट्रक लावला. तिथे त्याला गोळी घालून मारलं. खिशातून गेले ते सात डॉलर. बायको गरोदर होती, जुळी होणार होती. तिने आणि घरच्यांनी तीन वर्षं पाठपुरावा केला आणि २०१२ साली 'जेसन्स लॉ' आला. ट्रकच्या पार्किंगची मोजदाद करायची आणि त्यासाठी केंद्राचा निधी वापरू द्यायचा, हे त्यात लिहिलं गेलं. ह्या कायद्याखाली २०१९ साली झालेल्या मोजणीत देशभरात सुमारे ३ लाख १३ हजार जागा निघाल्या. त्यातल्या सार्वजनिक रेस्ट एरियातल्या फक्त ४० हजार, बाकी खासगी ट्रक स्टॉपवरच्या. जवळजवळ सगळ्याच ड्रायव्हरांनी सांगितलं की सुरक्षित जागा शोधताना अडचण येते. एका बाजूला कायदा म्हणतो की अकरा तासांवर गाडी चालवायची नाही, आणि २०१७च्या शेवटापासून ते मोजायला ट्रकमध्ये यंत्रही बसवलं. दुसऱ्या बाजूला थांबायला जागा नाही. आपल्या दारात दोन दिवसांत येणारं पार्सल ह्याच माणसाच्या झोपेतून येतं.

'सरकारने कशाला करायचं, प्रायव्हेटला करू द्या', हे वाक्य आपल्या पॉटलकमध्ये हमखास ऐकू येतं. तर प्रायव्हेटची गंमत ऐका. १९५६च्या हायवे कायद्यापासून इंटरस्टेटच्या सरकारी जमिनीवर धंदा करायला बंदी आहे. न्यूजर्सी टर्नपाइकसारख्या जुन्या टोलरस्त्यांवरचे प्लाझा सोडले, तर रेस्ट एरियात पेट्रोल विकता येत नाही, जेवण विकता येत नाही. १९८०च्या दशकात व्हेंडिंग मशीनला सूट मिळाली, तीही अंध विक्रेत्यांना प्राधान्य देऊन (ही एक चांगली गोष्ट). मूळ हेतू वाईट नव्हता. एकाच कंपनीची मक्तेदारी नको, एक्झिटजवळच्या गावांचा धंदा बुडायला नको. पण पुढे एक्झिटवरच्या पंपवाल्यांच्या आणि ट्रक स्टॉपच्या संघटनांनी हा नियम ढालीसारखा धरला. विजेच्या गाड्या आल्या, तरी रेस्ट एरियात चार्जर लावून पैसे घेणं हा 'धंदा' ठरला. म्हणजे रेस्ट एरियाला स्वतःचं उत्पन्न नाही, आणि राज्याची तिजोरी आटली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. २००९च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियाने ४२पैकी १९ रेस्ट एरिया बंद केले होते. डीसीच्या आसपास राहणाऱ्यांना आठवत असेल. लोकांनी इतकी बोंब ठोकली की पुढच्या वर्षी ते उघडावे लागले.

वीज हा ह्यातून निघायचा एक रस्ता आहे. विजेसाठी जमीन भाड्याने देणं म्हणजे बर्गर विकणं नव्हे. २०२१च्या एप्रिलमध्ये फेडरल हायवे खात्याने राज्यांना कळवलंही होतं की रस्त्याकडेच्या जमिनीवर सौरऊर्जा, वीजवाहिन्या, ब्रॉडबँड ह्यांचा विचार करा. जॉर्जियाने त्याआधीच, २०२० साली, आय-एटीफाइव्हच्या एक्झिट १४ला एक मेगावॉट उभं केलं होतं. मॅसॅच्युसेट्सवाल्यांनी मॅसपाइकवर फ्रॅमिंगहॅम-नॅटिकपाशी उतारावरची पॅनेल बघितली असतील. पण मालकी कुणाची, इथे पुन्हा घोडं अडतं. सौरऊर्जेवरची सवलत मिळायची आयकरात, आणि सरकारी खातं आयकर भरतच नाही. म्हणून ऑरेगनमध्ये मालक वीज कंपनी झाली. २०२२च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांना ती सवलत थेट रोखीने मिळायची सोय केली आणि २०२५च्या कायद्याने सौर-पवनाच्या सवलतींची मुदतच कापली. चार्जरसाठी राज्यांना दिलेले पाच अब्ज डॉलर २०२५च्या फेब्रुवारीत अडवले गेले, राज्यं कोर्टात गेली, ऑगस्टमध्ये नवे नियम आले. हा खेळ आपण सगळे बघतोच आहोत.

आणि ह्याच काळात फोटो कशाचे फिरले? पॅनेलचा रस्ता! फ्रान्समध्ये नॉर्मंडीत तूरूव्र गावाजवळ २०१६च्या डिसेंबरात एक किलोमीटर रस्ता पॅनेलने मढवला, खर्च ५० लाख युरो. चाकांखाली काच, वर झाडांची पानं आणि चिखल, तिरपं कोवळं ऊन. व्हायचं तेच झालं. वीज अपेक्षेपेक्षा खूपच कमी मिळाली, तुकडे निखळले, आणि २०१९पर्यंत प्रयोग फसल्याचं सगळ्यांनी मान्य केलं. त्याच तंत्राचे पन्नासेक चौरस मीटर जॉर्जियातल्या वेस्ट पॉइंटच्या व्हिजिटर सेंटरपाशीही लावले होते. रस्त्याच्या शेजारी रिकामी जमीन पडलेली असताना ट्रकच्या चाकाखाली पॅनेल घालायची बुद्धी कुणाला होते? ज्याला वीज नको, बातमी हवी, त्याला. (हा व्हिडिओ मला एकूण नऊ जणांनी पाठवला होता. त्यातले सहा इंजिनियर.)

हे सगळं अमेरिकेचं झालं. पण आपल्या गप्पांत हल्ली अमेरिकेच्या हायवेपेक्षा समृद्धी महामार्ग जास्त असतो, म्हणून तिकडे वळते. इंडिया ट्रिपहून परतलेला प्रत्येक जण सांगतो, "अगं, अगदी आय-फाइव्हसारखा वाटतो!" रस्ता उत्तम आहे, त्यात वाद नाही. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. सपाट भागात रस्त्याच्या पट्ट्याची रुंदी १२० मीटर. गुणाकार करा: दर किलोमीटरला १२ हेक्टर, म्हणजे तीस एकर. हे तीस एकर आकाशातून पडलेले नाहीत. २०१७च्या एप्रिलमध्ये सिन्नर तालुक्यातल्या शिवडे गावच्या शेतकऱ्यांनी मोजणीला विरोध म्हणून झाडांना फास लटकवले होते. नंतर भाव वाढवून मिळाला, अनेकांनी राजीखुशीने जमिनी दिल्या, काहींनी त्या पैशात दुसरीकडे दुप्पट जमीन घेतली, हेही खरं. पण शेवटी ती जमीन 'सार्वजनिक कामासाठी' म्हणूनच घेतली गेली.

११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी, ५२० किलोमीटरचा टप्पा उघडला. टोलनाके तयार होते. थांबायच्या जागा तयार नव्हत्या. पेट्रोल पंप तुरळक, खायला नाही, बाईमाणसाला जायला जागा नाही, अशा बातम्या तेव्हा सगळ्याच मराठी वर्तमानपत्रांत येत होत्या. 'ढाबे आहेत की' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे. जुन्या नागपूर हायवेवर गाडी कडेला घेऊन चहा प्यायचा, पंपावरच्या माणसाला विचारून बाथरूमला जायचं, झालंच तर शेताच्या आडोशाला जायचं, ही सोय इथे मुळातच काढून टाकलेली. ज्या रस्त्यावर माणसाला वाटेत कुठे उतरायची मुभाच ठेवली नाही, तिथे त्याच्या देहधर्माची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्याकडेच येते. ती 'नंतर बघू' म्हणायची गोष्ट नव्हे.

१ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली. कारणांवर पुढे बराच वाद झाला. विश्रांती नसल्यामुळेच ते झालं असं मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण त्या वर्षी नागपूरच्या व्हीएनआयटीच्या पाहणीतून 'हायवे हिप्नॉसिस' हा शब्द महाराष्ट्राच्या घरोघरी पोचला. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे आणि मेंदू झोपलेला. त्यावर जगात कुठेही गोळी निघालेली नाही. गाडीतून उतरायचं, तोंडावर पाणी मारायचं, चार पावलं चालायचं, शक्य तर वीस मिनिटं डोळे मिटायचे. ह्यासाठी जागा लागते. १९६१च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने सांगितलं होतं की ड्रायव्हरला दिवसाला आठच तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. साठ वर्षं होऊन गेली. ट्रक-ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हर अजून गाडीखाली चादर टाकून झोपतात.

पुढे २०२५च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला, आणि त्याच वर्षी समृद्धीच्या कडेने सौरऊर्जा सुरू झाल्याची बातमी आली. कारंजा लाडच्या इंटरचेंजपाशी पहिले काही मेगावॉट, एकूण उद्दिष्ट २०४. फोटो छान होते. आपल्याकडे लगेच फिरले. मी त्या प्रकल्पाच्या विरोधात नाही, उलट मला तो आवडतो. इंटरचेंजच्या वेटोळ्यात अडकलेल्या जमिनीवर ज्वारी होणार नाही, वीज होऊ शकते. पिकाखालची आणखी जमीन पॅनेलसाठी घ्यायला नको. आणि ती वीज दिवसा शेतीपंपाला मिळाली, तर ज्या शेतकऱ्याची जमीन रस्त्याने खाल्ली त्याला रात्री दोन वाजता विंचू-सापांतून मोटर चालू करायला जावं लागणार नाही. हा खरा फायदा. तो फोटोत दिसत नाही.

माझं भांडण क्रमाशी आहे. म्हणून एक ढोबळ हिशेब मांडते, चुकला तर दुरुस्त करा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात एक मेगावॉट वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट देतं. एका विश्रांतिस्थळाला दोन मेगावॉट जोडा. जागा साधारण दहा एकर, म्हणजे त्या रस्त्याच्या पट्ट्याच्या तिसऱ्या हिस्सा किलोमीटरएवढी. तीस लाख युनिट, तीन रुपये भाव धरला तर ९० लाख रुपये. त्यातला निम्मा भाग कर्जाचा हप्ता आणि पॅनेलची निगा ह्यांत गेला असं धरा. उरले ४५ लाख. आता संडास. तीन पाळ्या, पाळीला चार माणसं, एकूण बारा. प्रत्येकाला महिना २० हजार पगार. वर्षाचे २८ लाख ८० हजार. उरलेल्या सोळा लाखांत पाणी, साबण, फिनेल, मोडलेली कडी, फुटलेला नळ. पंप दिवसा उन्हावर चालवून टाकी भरून ठेवायची, रात्रीच्या दिव्यांपुरती बॅटरी. ह्यात रॉकेट सायन्स कुठे आहे? लागतं ते एकच: जमिनीच्या करारात एक कलम, की अमुक उत्पन्न आधी ह्या खात्यात जाईल आणि इथला संडास बंद आढळला तर पॅनेलवाल्याला दंड होईल. बघा मग कंपनीचा माणूस दर आठवड्याला कडी तपासायला येतो की नाही.

बारा माणसं आणि २० हजार पगार मी मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे संडास म्हटला की तो कोण साफ करणार हे जातीवरून आधीच ठरलेलं असतं, आणि कंत्राटदार त्याला निम्म्या पगारात, विनाहातमोजे राबवतो. २०१३च्या कायद्यानंतरही हे थांबलेलं नाही. विश्रांतिस्थळाच्या कागदावर 'हाउसकीपिंग: आउटसोर्स' एवढी एक ओळ असते आणि तिच्याखाली हे सगळं गाडलेलं असतं. पॅनेल पुसणाऱ्याला 'सोलर टेक्निशियन' आणि संडास पुसणाऱ्याला काहीच नाव नाही, असं ह्या योजनेत चालणार नाही. दोघं एकाच हजेरीपटावर हवेत, एकाच पगारश्रेणीत. खर्च परवडतो हे वर दाखवलंच.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. "पॅनेलवर गाडी आदळली तर? डोळ्यांवर चमक आली तर?" रास्त आहे. म्हणून पॅनेल कुंपणापलीकडे, भरकटलेल्या गाडीसाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याच्या बाहेर लावतात आणि तिरपेपणा बघून लावतात. ऑरेगनला हे २००८ सालीच सोडवता आलं. दुसरा आक्षेप, "लोक घाण करतात, कितीही चांगलं बांधा." हे म्हणणाऱ्यांत आपण एनआरआय आघाडीवर. मी एवढंच विचारते की तुम्ही शेवटचा संडास कधी धुतलात? व्हर्जिनियाच्या रेस्ट एरियात लोक घाण करत नव्हते? करत होते. तिथे दिवसातून पाच वेळा कुणीतरी पुसत होतं म्हणून ती तुम्हाला दिसली नाही.

बाईच्या बाबतीत ह्या 'नंतर बघू'ची किंमत वेगळी असते. मुंबईत २०११पासून बायकांनी 'राइट टू पी' म्हणून चळवळ चालवली. पुरुषांना पैसे लागत नाहीत आणि बायकांना लागतात, असल्या गोष्टींवर वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडल्या. त्या मोहिमेवर हसणारे पुष्कळ होते. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी न पिणारी बाई तुमच्या-माझ्या घरात आहे. माझी आई पन्नास वर्षं एसटीने प्रवास करत आली, सकाळचा चहा सोडून. बाल्डॉकला तिने चहा घेतला होता, आणि तेवढ्यासाठीच ती त्या जागेवर खूश होती. पॅनेलचं कौतुक मला.

केंद्राने २०२४च्या ऑक्टोबरात 'हमसफर' धोरण आणलं आहे. स्वच्छ टॉयलेट, बाळाला दूध पाजायची खोली, चार्जर, ड्रायव्हरांना झोपायची सोय, कागदावर सगळं आहे. कागद चांगला आहे. तो अमलात येतो की नाही हे रात्री दोन वाजता कडी लावून बघायला लागतं, आणि त्यात आपल्याला इथे बसूनही थोडं करता येण्यासारखं आहे. महाराष्ट्रातले मंत्री आणि अधिकारी दर वर्षी इकडे येतात, आपण हॉल घेतो, शाल-श्रीफळ देतो आणि 'गुंतवणुकीच्या संधी' ऐकून घरी जातो. पुढच्या वेळी सोलरची स्लाइड लागली की हात वर करा. समृद्धीवर आज चोवीस तास उघडी असलेली, पाणी असलेली बायकांची किती टॉयलेट आहेत? ट्रकसाठी झोपायच्या जागा किती? २०४ मेगावॉटच्या उत्पन्नातला किती हिस्सा त्यांच्या देखभालीला लिहून दिला आहे? कोणत्या किलोमीटरला काय आहे, असं विचारा. 'लवकरच' हे उत्तर घेऊ नका.

ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावेत. अर्ज ऑनलाइन होतो, फी दहा रुपये. आपल्यातल्या अमेरिकन नागरिक झालेल्यांना तो अधिकार नाही, ओसीआय कार्डावरही नाही. त्यांनी औरंगाबाद, वाशिम, बुलढाण्याला असलेल्या भावाबहिणीला किंवा जुन्या वर्गमित्राला मजकूर लिहून द्यावा. (औरंगाबादचं आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे, अर्जात तसंच लिहा, नाहीतर परत येईल.) माझ्या मावसभावाने पहिला अर्ज लिहायला घेतला आहे. मजकूर हवा असेल तर कळवा, पाठवते.